सावकाशरावांची दीडशे पावलं

"एकतीस वर्षांत माझ्या गाडीतल्या एकाही माणसाने माझी तक्रार केली नाही," असं सावकाशराव छाती पुढे काढून म्हणत, आणि त्यात तिळमात्र खोटं नव्हतं. फक्त ती माणसं गाडीत बसलेली नसायची, आडवी असायची. सावकाशराव नगरपालिकेच्या शववाहिकेवर चालक होते.

ही बढाई ते दाढी करताना आरशासमोर मारत. दुसरं कोण ऐकणार? ज्या घरासमोर ही गाडी उभी राहिली त्या घरातलं कुणी पुन्हा या माणसाकडे बघत नसे. रस्त्यात दिसले तर लोक पलीकडच्या फुटपाथवर जात. हॉटेलात वेटर कप हातात देत नसे, टेबलावर ठेवून पुढे सरकवायचा. लोकांचंही चुकत नव्हतं म्हणा. जो माणूस घरातलं माणूस घेऊन गेला, त्याच्याशी हसून हात मिळवायचा तरी कसा? सावकाशरावांनी कधी मनाला लावून घेतलं नाही, असं ते सांगत. लावून घेतलं होतं.

गाडी मात्र जीव की प्राण. ती त्यांच्या ताब्यात आली तेव्हाच म्हातारी होती, पण वाटेत एकदाही बंद पडली नाही. अर्ध्या वाटेत शववाहिका बंद पडणं यासारखी नामुष्की जगात दुसरी नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. ते चालवायचेही माणूस चालेल त्याच वेगाने, तेवढ्यासाठीच डेपोतल्या मंडळींनी त्यांना सावकाशराव म्हणायला सुरुवात केली. त्यांची बायको गेली त्या दिवशी बदलीचा चालक आला नाही, तेव्हा ते स्वतःच स्टिअरिंगवर बसले. शेजारी मुलगी होती. त्या दिवशीही गाडी बंद पडली नाही आणि वेगही वाढला नाही. अकरा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि गाडी भंगारात गेली. घरी आल्यावर ते दार लावून पोटभर रडले.

पुढे दोन वर्षांनी मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मुलीनेच सांगितलं, "बाबा, विचारलं तर म्हणायचं, आरोग्य खात्यात गाडीवर होतो. खोटं नाहीये ते."

खोटं नव्हतंच. शववाहिका आरोग्य खात्याचीच होती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ झाकून ठेवणं भागच होतं, कारण मुलीच्या सासूबाई. या विहीणबाईंना मरणाची इतकी धास्ती की घरात 'मेलो' हा शब्द दमल्यावरसुद्धा काढायची बंदी. रस्त्यात शववाहिका दिसली तर त्या आल्या पावली घरी परतत आणि आणलेली भाजी शेजारी देऊन टाकत. जावयाला खरं काय ते ठाऊक होतं, पण तोही आईपुढे मूग गिळून असे. नऊ वर्षं मूठ झाकलेली होती. दर रविवारी सावकाशराव मुलीकडे जेवायला जात, नातवाला शेजारी घेऊन बसत. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ते त्या रविवारवर काढत. मूठ उघडली तर तो रविवार गेला, आणि मुलीला रोज त्याच घरात राहायचं होतं.

अशात व्याह्यांनी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचे पास आणले.

व्याही म्हणजे गाडीवेडा माणूस. पोस्टात नोकरी झाली, पण बोलणं सगळं इंजिनांचं. हे प्रदर्शन साधंसुधं नव्हतं. पास मिळायला ओळख लागे, आणि पासवर लिहिलेलं असे की पुरुषांनी कोट घालावा. व्याह्यांनी पांढराशुभ्र सूट शिवून घेतला, पांढरी हॅट आणली, आणि रविवारी सकाळी सावकाशरावांना घ्यायला गाडी घेऊन हजर झाले. मागच्या सीटवर विहीणबाई होत्या.

निघताना मुलीचा फोन आला. "बाबा, तिथे गाड्यांच्या गप्पा निघतील. तुम्ही बोलू नका."

"अगं, गप्प राहण्यात तुझ्या बापाचा हात कोण धरणार? एकतीस वर्षं गाडीत कुणाशी बोललो?"

इतका सोपा बेत जगात कुणी केला नसेल. तोंड उघडायचं नाही, बस्स. दुपारी घरी येऊन नातवाबरोबर जेवायचं.

प्रदर्शन एका जुन्या क्लबच्या हिरवळीवर होतं. गवत असं कापलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. दोऱ्यांच्या कुंपणाआड शंभरेक गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीजवळ तिचा मालक, पाहुण्यांना लग्नातल्या वरबापासारखा सामोरा जात होता. पांढरे हातमोजे घातलेले तीन परीक्षक वाकून वाकून चाकांच्या आत बघत होते. एका कोपऱ्यात बँड वाजत होता. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, कुणी घाईत नव्हतं, सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे होते. सावकाशरावांना एकदम घरच्यासारखं वाटलं. त्यांच्या धंद्यात लोक असेच वागत.

विहीणबाई कॉफी घेऊन व्यासपीठाजवळच्या खुर्चीवर बसल्या. व्याही सावकाशरावांना घेऊन रांगेने निघाले. सावकाशराव मान हलवत होते, तोंड बंद. अकरा गाड्या झाल्या. बारावीपाशी त्यांचे पाय जमिनीला खिळले.

गाडी लांबलचक होती. वरून सायीसारखा, खालून मरून रंग. मागच्या बाजूला मोठाल्या काचा, काचांशेजारी पितळी फुलदाण्या, त्यात ताजी फुलं. मागे गाडीच्या तळात बसवलेले चार लाकडी रोलर, त्यावर गुळगुळीत फळी, फळीवर वेताची टोपली. पाटीवर लिहिलं होतं: 'शिकारीची सहल-गाडी. एका रसिक धनिकाने खास बांधून घेतलेली.'

सावकाशरावांनी वाकून स्टिअरिंगकडे पाहिलं. घड्याळात दहाचा आकडा असतो त्या जागी चाकाला एक भेग होती आणि ती लाखेने भरलेली होती. ती लाख त्यांनी स्वतः, डेपोच्या पायरीवर बसून, मेणबत्तीवर वितळवून भरली होती. रंग बदलला, काळ्याचा सायीसारखा झाला, तरी लाख तीच. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी विहीणबाई कुठे आहेत ते त्यांनी वळून पाहिलं.

"काय गाडी आहे!" व्याही हरखून गेले होते. गाडीचे मालक म्हणजे बिस्किटांचे एक कारखानदार. ते लगेच पुढे झाले.

"भंगारवाल्याकडे मिळाली हो," कारखानदार म्हणाले. "तीन वर्षं खपलो तिच्यावर. हे रोलर बघा. सामानाच्या जड टोपल्या नुसत्या ढकलल्या की आत. आणि फुलदाण्या! रानात जातानाही फुलं हवीत, याला म्हणतात रसिकता."

"आणि ही फळी?"

"शिकारीहून दमून आल्यावर धनी आडवे होत असणार. चांगली सहा फूट लांब आहे."

"मी बघू का आडवं होऊन?"

"अवश्य!"

"व्याही, नको," सावकाशराव म्हणाले. प्रदर्शनात त्यांनी काढलेला हा पहिला शब्द.

"का हो?"

"पाठ धरेल."

पण व्याही तोवर टोपली बाजूला सारून, बूट काढून आत सरकलेसुद्धा. रोलरवर फळी सुळकन आत गेली. व्याह्यांनी पाय ताणले, हॅट छातीवर ठेवली, डोळे मिटले. "अहाहा! काय ऐसपैस आहे हो. अगदी माझ्या मापाने केल्यासारखी."

सावकाशरावांनी रुमालाने कपाळ पुसलं. चार हजारांवर माणसं त्यांनी या फळीवर पाहिली होती, पण बोलणारं हे पहिलंच.

तेवढ्यात भोंग्यावरून पुकारा झाला: सहल-गाड्यांच्या गटाने व्यासपीठापुढे यावं. स्वतःच्या इंजिनावर येईल तीच गाडी परीक्षणात धरली जाईल. अंतर दीडशे पावलं. कारखानदारांचा चालक घाईघाईने स्टिअरिंगवर बसला आणि त्याने स्टार्टर मारला. गाडी खोकली आणि गप्प झाली. त्याने पुन्हा मारला, पुन्हा मारला. पेट्रोलचा वास सुटला. शेजारच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. आजूबाजूचे मालक सहानुभूतीने हसू लागले, आणि तसलं हसू शिवीपेक्षा वाईट.

सावकाशरावांनी दात आवळून धरले. मुलगी आठवली, नातू आठवला, तोंड उघडायचं नाही हे आठवलं. पण सगळ्या गावाच्या देखत आपली गाडी बंद पडलेली त्यांना बघवेना. एकतीस वर्षं जी नामुष्की येऊ दिली नाही, ती आज या बिस्किटवाल्याच्या हातून यावी? चालकाने सहाव्यांदा स्टार्टरला हात घातला आणि सावकाशरावांच्या तोंडून गेलंच, "थांबा. जळेल तो. उतरा खाली."

त्यांचा आवाज असा होता की चालक उतरला. सावकाशराव स्टिअरिंगवर बसले. चोक अर्धा ओढला, पाय दोनदा दाबला, मनात अकरा आकडे मोजले, आणि डॅशबोर्डखाली डाव्या हाताने तीन थापा मारल्या. दोन जोरात, एक हलकी. गाडी सुरू झाली.

कारखानदारांनी त्यांचा खांदा धरला. "तुम्हीच न्या! तुमचंच ऐकते ती. आणि पाहुणे, तुम्ही मागे आडवेच राहा हो. शिकारी कसा झोपायचा ते परीक्षकांना दिसू दे."

"माझं भाग्य," आतून व्याही म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

आता यात सावकाशरावांचा काय दोष? बैलाला जुनी वाट दाखवली की तो जुन्या चालीनेच चालतो. त्यांनी भर दुपारी दोन्ही दिवे लावले, टोपी नीट केली आणि गाडी सोडली, माणूस चालेल त्याच वेगाने. त्या गाडीत त्यांच्या पायाला दुसरा वेग माहीतच नव्हता.

पहिली वीस पावलं काही झालं नाही. मग कडेला उभ्या असलेल्या एका काठीवाल्या म्हाताऱ्याने गाडीकडे बघत हॅट काढली. त्याच्या शेजारच्याने हातातलं आइस्क्रीम पाठीमागे लपवलं. बोलणारे गप्प झाले. बँडवाल्यांनी गाडी येताना पाहिली आणि कुणी न सांगता त्यांची चाल मंदावली, मग ढोल तेवढा वाजत राहिला. गाडी पुढे गेली की कडेची माणसं दोरी ओलांडून तिच्या मागे चालू लागत, दोघं दोघं, खाली बघत. का, ते त्यांना विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. गावातली अर्धी माणसं आयुष्यात कधी ना कधी या गाडीच्या मागून चालली होती. डोक्याला आठवत नव्हतं, पण पायांना आठवलं. एक बाई पुढे झाल्या, काचेच्या उघड्या फटीतून हातातला गुच्छ त्यांनी व्याह्यांच्या छातीवर हलकेच ठेवला आणि मग गोंधळून नवऱ्याकडे पाहिलं.

आत व्याह्यांना वाटलं, काय हा गाडीचा मान! त्यांनी गुच्छ दोन्ही हातांनी धरला आणि श्वाससुद्धा बेताने घेऊ लागले.

सावकाशरावांना आरशातून मागची रांग दिसत होती. सगळं कळत होतं, पण पाय हलत नव्हता. व्यासपीठ आलं. गाडी धक्का न देता थांबली. ते उतरले, टोपी काढली, मागचं दार उघडलं, बाजूला होऊन मान खाली घातली, आणि चार हजार वेळा म्हटलेलं वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"चौघं पुढे या. सावकाश."

आणि चौघं आले. एक परीक्षकच होता, हातमोज्यांसकट. चौघांनी फळीला हात घातला आणि ती अर्धी बाहेर ओढली. पांढरे कपडे, मिटलेले डोळे, छातीवर फुलं. खुर्चीतून विहीणबाई उठल्या. कॉफीचा कप गवतावर पडला.

"अहो!" एवढंच त्या ओरडल्या, पण त्या ओरडण्याने ढोलसुद्धा थांबला.

व्याही ताडकन उठून बसले. "काय झालं? नंबर आला?"

मेलेला माणूस उठून नंबर विचारतो म्हटल्यावर काय होणार? चौघांनी एकदम हात सोडले, फळी खाली आली आणि तिच्यासोबत व्याही. एक बाई चक्कर येऊन बँडच्या ढोलावर पडल्या. मागची रांग मोडून लोक वाट मिळेल तिकडे धावले. हातमोजेवाले परीक्षक व्यासपीठाच्या मागे सापडले, पण ते बऱ्याच वेळाने.

गर्दी जराशी सावरली तेव्हा कारखानदार पांढरेफटक पडून सावकाशरावांपुढे उभे होते. "खरं सांगा. ही कसली गाडी आहे?"

थाप मारता आली असती. विहीणबाई चार हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. पण सावकाशरावांनी त्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. तिच्यावर त्यांची बायको गेली होती. तिला टोपल्यांची फळी म्हणायचं?

"नगरपालिकेची शववाहिका," ते म्हणाले. "एकतीस वर्षं मी चालवली. तुम्ही रंग छान दिलात."

कारखानदार गवतावर बसले. विहीणबाई वळल्या आणि तडक गाडीतळाकडे चालू लागल्या. सावकाशरावांनी मनातल्या मनात आपले सगळे रविवार पुसून टाकले. चटका लागल्यासारखं दुखलं ते.

गाडीतळावर विहीणबाई मागच्या सीटवर ताठ बसल्या होत्या, तोंड उघड्या खिडकीकडे. व्याही किल्ली हातात धरून पुढच्या दारापाशी थांबले. सुटाला गवत लागलं होतं. ते कमरेत दुखत असल्यासारखे वाकून उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "त्या थापा. दोन जोरात, एक हलकी. मी ऐकल्यात त्या."

सावकाशराव हातातली टोपी फिरवू लागले.

"माझे वडील गेले तेव्हा. चाळीस वर्षं झाली. मी पुढे चालकाशेजारी बसलो होतो." त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही होतात?"

"होय."

"तुम्ही मला ओळखलं होतंत?"

"मुलीचं बोलणं करायला आलात, त्याच दिवशी."

"मग नऊ वर्षं बोलला नाहीत?"

"त्या दिवसाची आठवण कुणाला आवडते, व्याही? मी दिसलो की लोकांना तोच दिवस आठवतो. म्हणून मी कुणाला दिसतच नाही."

व्याह्यांनी सुटाचं गवत झटकलं. "मी रडलो असेन."

"नाही. तुम्ही एकच वाक्य बोललात. म्हणालात, 'जरा हळू घ्या हो, बाबांना गाडीत मळमळतं.'"

व्याह्यांनी तोंडावर हात धरला.

"मी तेव्हा नवा होतो. भरधाव न्यायचो, डेपोत फेऱ्या मोजत," सावकाशराव म्हणाले. "त्या दिवसापासून हळूच चालवली. म्हटलं, मागे कुणाला काय होत असेल, आपल्याला काय ठाऊक?"

व्याह्यांनी डोळे पुसले. मग त्यांनी हात पुढे केला. किल्ली देण्यासाठी असेल असं वाटून सावकाशरावांनी तळवा उघडला, तर व्याह्यांनी तो हात धरला आणि सोडलाच नाही. किल्ली मध्ये टोचत होती. कुणी असा हात धरायची सवय नव्हती, त्यामुळे किती वेळ धरायचा असतो हे सावकाशरावांना कळेना.

"तुम्हीच चालवा," व्याही शेवटी म्हणाले आणि चाळीस वर्षांपूर्वीसारखे पुढे शेजारी जाऊन बसले.

सावकाशरावांनी गाडी काढली. मागून भोंग्याचा आवाज आला: मूळ उपयोगाचं सर्वांत प्रामाणिक दर्शन घडवल्याबद्दल सहल-गाडीला विशेष प्रशस्तिपत्र, मालकांनी ते घेऊन जावं. मालक काही गेले नाहीत.

गाडी रस्त्याला लागली. सावकाशरावांनी आरशात बघायचं टाळलं. मुलीला काय सांगायचं, हे ते मनात जुळवत होते. पहिला चौक गेला. दुसरा चौक यायला बराच वेळ लागला.

"सासरे गेले तेव्हा मी गाडीमागून चालत होते," मागून एकदम विहीणबाई म्हणाल्या. "नवी नवरी होते. चप्पल तुटली होती. पण गाडी पुढे गेली नाही माझ्या. तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी आपल्यासाठी थांबतंय." मग त्यांचा आवाज नेहमीसारखा कडक झाला. "पोराला तुमच्याशिवाय जेवायची सवय नाही. दीड वाजून गेला. उपाशी बसला असेल तो."

सावकाशरावांनी मान हलवली.

"तेव्हा आता जरा जोरात घ्या," विहीणबाई म्हणाल्या. "या खेपेला मागे बसलेली जिवंत आहे."

सावकाशरावांनी मनाचा हिय्या केला आणि पाय दाबला. काटा थरथरत वीसवर गेला. शेजारून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे निघून गेला, आणि गाडीकडे बघून त्याने टोपी काढली.